वीतभर उतार

मंदाकिनी कापगते आमच्या कॉलनीत आठ वर्षं राहिल्या आणि या आठ वर्षांत त्यांचं ज्यांच्याशी वाजलं नाही असं एकही घर मला आठवत नाही. आमच्याशी दोनदा वाजलं. एकदा मी गॅलरीला लावलेल्या हिरव्या जाळीवरून आणि दुसऱ्यांदा टेकडीवरून. जाळी मी काढून टाकली. टेकडी अजून आहे.

आमची कॉलनी नवा रायपूरच्या कडेला आहे. चार इमारती, एक गेट, एक छोटं मंदिर. पूर्वेला कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे कॉलनीच्याच मालकीची दोन एकर मोकळी जागा आणि त्यापुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, नजर पोचेल तिथपर्यंत. रेल्वेतून निवृत्त होऊन मी इथे घर बघायला आलो तेव्हा बिल्डरच्या माणसानं सांगितलं होतं की बागेकडचे फ्लॅट महाग आणि मागचे स्वस्त, कारण मागे काहीच नाही. त्याच माणसाला मंदाकिनीताईंनी म्हणे विचारलं होतं की हे 'काहीच नाही' सगळ्यात चांगलं कोणत्या मजल्यावरून दिसते. त्यानं ती गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगितली. त्या राहायला येण्याच्या आधीच कॉलनीत त्यांची थट्टा सुरू झाली होती.

त्यांनी दुसरा मजला घेतला, शेवटच्या इमारतीत. एकट्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं. सकाळी साडेपाचला गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, पेपर नाही, मोबाइल नाही. संध्याकाळी पुन्हा. बाकी वेळ तक्रारी. भिंतीवर मोठा दिवा लावला तर तक्रार, कारण अंधार पडताना दिसत नाही. कॉलनीच्या नावाचा बोर्ड पूर्वेकडच्या भिंतीवर चढवला तर तक्रार. भिंतीला लागून अशोकाची रांग लावली तेव्हा तर त्यांनी कमिटीला तीन पानी अर्ज दिला. त्या वर्षी त्यांच्या इमारतीसमोरची तीन रोपं वाळली. सगळ्यांनी त्यांच्यावर आळ घेतला. कोणी म्हणालं गरम पाणी ओततात, कोणी म्हणालं मीठ. कमिटीतल्या दोघांनी घरी जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी दारातूनच सांगितलं की मी मारली नाहीत, पण मला वाईटही वाटलेलं नाही. त्यानंतर लिफ्टमध्ये त्या शिरल्या की लोक पुढच्या खेपेची वाट बघायचे.

त्यांच्याशी टिकून बोलणारी एकच बाई होती, माझी बायको प्रेमला. त्यांची मागची हकिकत मला तिच्याकडूनच कळली.

घराणं साकोलीकडचं. वडील सरकारी नोकरीपायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. मंदाकिनीताई पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागल्या. सर्व्हेवाले बाहेर जाऊन जमिनीची उंची मोजून आणायचे आणि मंदाकिनीताई ऑफिसात बसून त्यावरून नकाशा शाईनं काढायच्या. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी जी रेघ असते तिला तिथं कंटूर म्हणतात. डोंगर असला की या रेघा एकमेकींना चिकटून येतात, मैदान असलं की लांब लांब जातात. शेजारच्या टेबलावर हरिदास नावाचे गृहस्थ बस्तरकडचे नकाशे काढायचे. त्यांच्या कागदावर अंगठ्याच्या ठशासारख्या दाट रेघा. ऑफिसात येणारा जाणारा त्यांच्या टेबलापाशी थांबायचा आणि वाहवा करायचा. मंदाकिनीताईंच्या वाट्याला रायपूरभोवतालचा सपाट मुलूख आला होता. मोठ्या कागदावर दोन रेघा, कधी तीन.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मोठे साहेब आले. हरिदासांचं कौतुक करून झाल्यावर मंदाकिनीताईंच्या टेबलाशी आले, कागद उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की या मॅडमना कागद कोरा ठेवायचा पगार मिळतो. अख्खा हॉल हसला. हरिदासही हसले. पुढच्या रविवारी मंदाकिनीताईंनी भावाची सायकल घेतली आणि त्या कोऱ्या कागदावरचा मुलूख बघायला निघाल्या.

हिवाळा होता. धान कापून झालं होतं आणि खुंटांमधून लाखोळीची डाळ उगवून तिला बारीक निळी फुलं आली होती. प्रेमलाला त्यांनी सांगितलं की पहिला तासभर त्यांना खरंच काही दिसलं नाही. साहेबांचंच खरं वाटायला लागलं, रडू आलं. मग एका धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधावर, बसून राहिल्या. बसल्या बसल्या ध्यानात आलं की समोरची बांधी आपल्या बांधीपेक्षा वीतभर खाली आहे, तिच्यापुढची आणखी वीतभर. धुऱ्यात पाणी सोडायच्या खाचा होत्या, सगळ्या एकाच दिशेला. कोण्या जमान्यात कोणी माणसांनी डोळ्यांनी तो उतार ओळखला होता आणि मैलभर पाणी हातात धरून नेल्यासारखं नेलं होतं. दुपार कलली तशी एकेका धुऱ्याची सावली पडायला लागली. सकाळी एकसारखी दिसणारी जमीन पायऱ्यापायऱ्यांची झाली. ढगाची सावली एका टोकाला शिरली आणि दुसऱ्या टोकाला निघून गेली, मध्ये कुठे तुटली नाही. त्या अंधार पडेपर्यंत तिथं होत्या आणि घरी येऊन आईचा मार खाल्ला.

त्यानंतर सदतीस वर्षं त्या सुट्टीच्या दिवशी कागदावरचा मुलूख बघायला जात राहिल्या. आधी सायकलवर, मग लुनावर. जिथं गेल्या ती गावं एक एक करून कॉलन्या झाली. निवृत्त झाल्यावर जिथून मैदान दिसेल असं घर शोधत आमच्याकडे आल्या.

आता टेकडीचं.

चिराग आमच्या कॉलनीचा अध्यक्ष. चाळिशीचा, हसतमुख, कोणाचंही काम अडू न देणारा माणूस. शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतींचं खोदकाम निघालं, मुरूम आणि मातीचे ढीग पडले. चिरागनं त्यांच्याशी बोलणी केली आणि सभेत योजना मांडली. ती सगळी माती भिंतीपलीकडच्या आपल्या दोन एकरांत टाकून घ्यायची आणि तिची तीस फुटी टेकडी करायची. वर हिरवळ, सावलीला बांधीव छत्री, बसायला बाक, उतरायला वळणाची पायवाट, एका बाजूनं धबधबा. रायपुरात बघायला आहेच काय, तो म्हणाला. जिकडे बघावं तिकडे सपाट. आमच्या पोरांना टेकडी बघायला तीनशे किलोमीटर जावं लागतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला ती कल्पना खरोखर आवडली होती.

मंदाकिनीताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की टेकडी झाली तर मागचं सगळं झाकून जाईल. चिरागनं नम्रपणे विचारलं, "आंटी, वहाँ है क्या देखने को?"

"तुले दिसत नाही म्हणून नाही, असं होत नाही," त्या म्हणाल्या. "चष्मा बदलून घे."

लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मागून एकानं विचारलं की अशोकाची झाडं मारली तशी टेकडीही मारणार का. निर्णय पुढच्या सभेत मतदानानं घ्यायचं ठरलं. त्या रात्री कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, कापगते आंटी का व्ह्यू. ऐंशी लोकांनी हसण्याचे चेहरे पाठवले. मी पाठवला नाही, पण प्रेमलाला दाखवला. तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला, पाहिला आणि उलटा करून ठेवला.

टेकडीला विरोध असणारा आणखी एक माणूस होता, दयाराम साहू. तळमजल्यावर राहायचा. इथलाच मूळचा. मागच्या निवडणुकीत तो चिरागकडून हरला होता आणि तेव्हापासून चिराग पूर्व म्हणाला की हा पश्चिम म्हणायचा. तो मंदाकिनीताईंकडे गेला. तुम्ही पाटबंधारे खात्यातल्या, तुमच्या शब्दाला वजन आहे, असं लिहून द्या की टेकडीमुळे पाणी अडेल आणि पावसाळ्यात तळमजले बुडतील. बाकी मी बघतो, अर्ज करतो, काम थांबवून आणतो. त्यांनी त्याला सांगितलं की मोजल्याशिवाय मी लिहीत नाही.

मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. त्यांनी गवंड्यांकडे असते ती पारदर्शक नळी आणली, पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात कपड्यांची नीळ घातली. दोन काठ्यांवर खुणा केल्या. दुसरं टोक धरायला प्रेमलाला बोलावलं. मी तिला म्हणालो, त्या बाईच्या नादी लागून कॉलनीत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस. ती चप्पल घालून निघून गेली.

सलग तीन दिवस सकाळी दोन म्हाताऱ्या बाया निळ्या पाण्याची नळी घेऊन भिंतीपलीकडच्या गवतातून पन्नास पन्नास फूट सरकत होत्या. एक वाकून वाचायची, दुसरी वहीत लिहायची. गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. व्हिडिओ निघाले, त्यांना गाणी लागली. एका व्हिडिओत माझी बायको चिखलात घसरून बसते, ते लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलं. चौथ्या दिवशी भाजीवाल्यानं मला त्याबद्दल विचारलं. मी घरी येऊन प्रेमलावर ओरडलो. ती म्हणाली, "तुम्हाले माहीत आहे का, आपण राहतो ती जागा उतारावर आहे. इतके वर्ष आपण उतारावर झोपून राहिलो." आणि भाकरी थापत राहिली.

मोजणीचं उत्तर दयारामच्या मनासारखं निघालं नाही. जमीन दक्षिणेला नाल्याकडे उतरत होती. कॉलनीचं पाणी आपल्या वाटेनं नाल्यात जात होतं, त्या दोन एकरांचं आपल्या वाटेनं. टेकडी कोणाच्याच वाटेत येत नव्हती. मंदाकिनीताईंनी दयारामला बोलावून तसं सांगितलं. प्रेमला तिथंच होती. दयाराम म्हणाला, ठीक आहे, पण हे कोणाला कळणार? तुम्ही लिहून द्या. सरकारी माणूस येऊन बघेपर्यंत वर्ष जाईल आणि माती दुसरीकडे गेलेली असेल. टेकडी नको आहे ना तुम्हाला?

ती त्यांना किती नको होती हे प्रेमलाला ठाऊक होतं. त्यांनी वहीतले आकडे पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाल्या की पाणी इकडे येत नाही. सदतीस वर्षांत एक रेघ खोटी काढली नाही, आता काढणार नाही. दयाराम तावातावानं उठला. जाताना त्यानं सांगितलं की मग बसा टेकडीचा धबधबा बघत, माझ्याकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसापासून कॉलनीतले दोन्ही पक्ष त्यांच्या विरोधात गेले.

दुसऱ्या सभेला मंदिरासमोरचा मांडव भरला होता. दयारामनं रागाच्या भरात मोजणीची गोष्ट बाहेर फोडली होती, त्यामुळे चिरागला सगळं कळलेलं होतं. त्यानं माइक हातात घेऊन सुरुवातच त्यावरून केली. काही लोक पाण्याची भीती घालत होते, पण आपल्या कापगते आंटींनी स्वतः तीन दिवस मेहनत करून मोजलं आणि टेकडी सुरक्षित आहे असं सिद्ध केलं. आंटींसाठी टाळ्या. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. चेहरा दगडासारखा होता, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चालू होतं.

त्या उठल्या. माइक घेतला नाही. मराठीतच बोलल्या, आणि जे निम्म्या लोकांना कळत नव्हतं तेही ऐकत राहिले.

"पाणी अडत नाही, हे खरं आहे. मले दुसरं कारण नाही. मले ते चांगलं दिसते, एवढंच आहे. तिथं सूर्य जमिनीतून निघते, कशाच्या मागून नाही. आभाळ पूर्ण दिसते, काठापासून काठापर्यंत. पाच बांध्या आहेत, पाचही एकमेकींच्या वीतभर खाली, अन् ते फक्त संध्याकाळी पंधरा मिनिटं दिसते. डोंगर पाहायले काही लागत नाही, तो येऊन पुढ्यात उभा राहते. हे पाहायले बसावं लागते. तुम्ही कोणी बसले नाही. एक दिवस बसा, मंग हात वर करा."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "तो बैठिए ना आंटी, किसने रोका है?" आणि मांडव फुटल्यासारखा हसला. चिरागनंही हसू लपवलं नाही. मतदान झालं. टेकडीच्या बाजूनं हात मोजायचीही गरज पडली नाही. माझा हात त्यात होता. विरोधात किती, असं विचारल्यावर मंदाकिनीताईंचा हात वर गेला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून प्रेमलाचा. दयाराम खाली बघत बसला होता.

घरी जाताना मी प्रेमलाला विचारलं, "काहून असं केलं? चार लोकांत मले खाली पाहायले लावलं."

"मी पाहिलं आहे ते," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं नाही."

आम्ही दोघं आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही.

ट्रक यायला लागले. चार महिने धूळ होती, इतकी की रायपूरच्या उरला भागातल्या कारखान्यांजवळ राहिलेले लोकही वैतागले. मुरूम पडत गेला, रोलर फिरत गेला. मंदाकिनीताईंच्या गॅलरीचं दार बंद झालं ते बंदच. खुर्ची बाहेर राहिली, तिच्यावर लाल माती साचली. आता त्या भांडतही नव्हत्या. पाणी आलं नाही, लिफ्ट बंद पडली, काही झालं तरी अर्ज यायचा नाही. कमिटीत सगळ्यांना बरं वाटलं. कोणी म्हणालं, आंटी सुधारल्या.

टेकडीचं उद्घाटन एका रविवारी संध्याकाळी झालं. फिती, लाडू, धबधबा. पोरं चढली, उतरली, पुन्हा चढली. मोठी माणसं छत्रीखाली उभी राहिली. आणि मग एक गोष्ट झाली जी मला नीट सांगता येत नाही. चढून आलेली माणसं आता काय करायचं ते सुचेना म्हणून पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. समोर बांध्या होत्या. वर यायचं आणि तेच बघायचं, दुसरं बघायला नव्हतंच. लोक पाठ वळवून मैदान मागे घेऊन फोटो काढायला लागले. चिराग म्हणाला, बघा, काय व्ह्यू आहे. कोणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. मी खाली आलो.

प्रेमला दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेली आणि भीत भीत म्हणाली की ताई, एकदा वर चढून पाहा, तिथून सगळं दिसते, नाल्यापर्यंत. त्यांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तिला वाटलं आता ही मैत्रीही गेली.

"वरून नकाशा दिसते," त्या म्हणाल्या. "नकाशे मी लई काढले. तुकडे दिसतात, हिरवे, पिवळे. उतार दिसत नाही. मैदान जमिनीवर उभं राहून पाहायचं असते, तुह्याच उंचीवरून."

टेकडीवर त्या एकदाही चढल्या नाहीत. तीन महिन्यांनी त्यांनी फ्लॅट विकला. आता तो टेकडीच्या बाजूचा म्हणून चढ्या भावानं गेला. बारा-तेरा किलोमीटर पुढे एका गावाच्या शेवटच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान टेम्पोत चढवताना कॉलनीतलं कोणी खाली आलं नाही. चौकीदारानं गेट उघडलं आणि लावून घेतलं.

मागच्या माघात प्रेमलानं हट्ट धरला म्हणून मी तिला स्कूटरवर तिकडे घेऊन गेलो. मातीचं घर, कौलं, पूर्वेला ओटा. त्यांनी प्रेमलाचा हात धरून तिला आत नेलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "गौतमभाऊ, तुमचा हात वर होता. मी पाहिला." चहा आला तो दोनच कप, त्या दोघींना. मला तांब्याभर पाणी मिळालं.

त्या दोघी आत बोलत बसल्या आणि मी ओट्यावर. करायला काही नव्हतं म्हणून समोर बघत राहिलो. आधी खुंटं दिसली आणि त्यांच्या मधून लाखोळी. बराच वेळ तेवढंच. कंटाळा आला, मोबाइल काढला, रेंज नव्हती. मग सूर्य मागे घराच्या वळचणीखाली गेला आणि जमीन हलल्यासारखी झाली. पहिल्या धुऱ्याला काळी कड आली, मग दुसऱ्या धुऱ्याला, मग एकदम सगळ्यांना, लांबपर्यंत. दुसरी बांधी पहिलीच्या खाली, तिसरी दुसरीच्या खाली, खरंच वीतभर, आणि सगळं मिळून कुठेतरी चाललेलं. मी उठून उभा राहिलो. आत हाक मारावी असं वाटलं, मारली नाही. मागे वळलो तर त्या दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"उशिरा दिसलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. क्षमा नव्हती त्यात, मी ती मागितलीही नव्हती. मागितली असती तरी मिळाली नसती, आणि ते मला आता बरोबर वाटतं.

निघताना त्या प्रेमलासाठी बाहेर आल्या. तिथून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट सरळ आहे, दीड-दोन किलोमीटर, मध्ये एक वळण नाही की झाड नाही. मी जोरात निघालो. त्या बाईच्या नजरेआड व्हायची घाई मला होती. दोन मिनिटं गेली, आरशात पाहिलं तर ओटा दिसत होता आणि ओट्यावर त्या. आणखी पुढे गेलो, अजून दिसत होत्या, बोटाएवढ्या. प्रेमला मागे वळून बसली होती. रस्ता लागायच्या जरा आधी ती म्हणाली, "हळू चालवा. त्या अजून आत गेल्या नाहीत."

मी स्कूटर हळू केली.